मराठी दस्तऐवजांची दृश्य मांडणी

दस्तऐवजाची दृश्य मांडणी म्हणजे लिखित मजकुराला कागदावर, दगडावर, धातूवर किंवा पडद्यावर दिलेले डोळ्यांना दिसणारे रूप. अक्षरांचा आकार व वळण, ओळींमधील अंतर, समास, परिच्छेद, मथळे, रकाने, तक्ते, रंग, चिन्हे, शिक्के आणि कोरी ठेवलेली जागा या सर्वांचा तीत समावेश होतो. मजकुरातील शब्द तेच राहिले तरी मांडणी बदलल्यास वाचनाचा वेग, अर्थाचे आकलन आणि वाचकाच्या मनातील विश्वास बदलू शकतो. मराठीत या विषयाचा इतिहास शिलालेख, पोथ्या, मोडी कागदपत्रे, मुद्रित ग्रंथ, शासकीय उतारे आणि संगणकीय मजकूर अशा टप्प्यांतून दिसतो.

संज्ञा आणि व्याप्ती

सजावट आणि मांडणी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सजावटीचा हेतू मजकूर सुंदर दिसावा हा असतो, तर मांडणीचा हेतू वाचकाला हवे ते सापडावे, महत्त्वाचे आधी दिसावे आणि एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध न सांगता कळावा हा असतो. वेलबुट्टीची चौकट ही सजावट होय. करारातील रक्कम अंकांत लिहून पुढे ‘अक्षरी’ ती शब्दांत लिहिण्याची पद्धत ही मांडणी होय, कारण तिच्यामुळे खाडाखोड करणे अवघड होते.

मांडणीचे घटक साधारणपणे तीन गटांत पडतात. पहिल्या गटात अक्षराशी संबंधित बाबी येतात, उदा. वळण, आकार आणि ठळकपणा. दुसऱ्या गटात जागेशी संबंधित बाबी येतात, उदा. समास, ओळीची लांबी, दोन ओळींतील व दोन परिच्छेदांतील अंतर. तिसऱ्या गटात रचनेशी संबंधित बाबी येतात, उदा. मथळ्यांची उतरंड, क्रमांक, रकाने, तळटीपा, स्वाक्षरी व शिक्क्याची जागा.

इतिहास

शिलालेख आणि गद्धेगाळ

मध्ययुगीन महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, दानाची नोंद करणाऱ्या शिळा उभारल्या जात. त्यांपैकी ‘गद्धेगाळ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिळांची रचना सामान्यतः तीन भागांची असते. वरच्या भागात सूर्य-चंद्र, मधल्या भागात लेख आणि खालच्या भागात दान मोडणाऱ्यास दिलेल्या शापाचे चित्र कोरलेले असते. सूर्य-चंद्र हे दान चिरकाल टिकावे या संकल्पाचे चिन्ह होय. लेख वाचता न येणाऱ्या गावकऱ्यालाही खालच्या चित्रातून उल्लंघनाचा परिणाम कळत असे. लिहिता-वाचता येणाऱ्यांची संख्या अत्यल्प असलेल्या समाजात दस्तऐवजाचा धाक बसण्यासाठी त्याच्या दृश्य रूपाचा असा उपयोग केलेला दिसतो. रायगड जिल्ह्यातील अक्षी येथील मराठी शिलालेख याच प्रकारचा असून त्याचा काळ शके ९३४ (इ.स. १०१२) असल्याचे अनेक अभ्यासक मानतात.

पोथी

हस्तलिखित पोथीची पाने आडवी व सुटी असत. दोन्ही बाजूंस उभ्या रेघा आखून समास सोडला जाई. त्या समासात पानाचा क्रमांक, ग्रंथनामाचे संक्षिप्त रूप आणि गाळलेला किंवा दुरुस्त मजकूर लिहीत. शब्द बहुधा सलग लिहिले जात, त्यामुळे वाचकाला थांबे दाखविण्यासाठी दंड (।) व दुहेरी दंड (॥) वापरत. दंड, श्लोकांक आणि अध्यायाच्या समाप्तीची ओळ यांवर गेरूचा हात फिरवून ती जागा उठून दिसेल असे करीत. आजच्या ठळक अक्षरांचे कार्य त्या काळी गेरू करीत असे.

चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ लावून ते झाकण्याची रीत होती. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार या रीतीवरून मराठीत रूढ झाला. मूळ ग्रंथ व टीका एकाच पानावर देताना मूळ मजकूर मध्यभागी मोठ्या अक्षरांत आणि टीका वर व खाली लहान अक्षरांत लिहिली जाई. या रचनेस ‘त्रिपाठ’ असे नाव आहे. टीका चारही बाजूंनी लिहिल्यास तीस ‘पंचपाठ’ म्हणतात. मूळ कोणते आणि भाष्य कोणते, हे सांगण्यासाठी यात एकही शब्द खर्च होत नाही. केवळ जागा आणि आकार यांवरून ते समजते.

मोडी कागदपत्रे

मराठी राज्यकारभार व व्यापार यांची बहुतेक कागदपत्रे मोडी लिपीत आहेत. मोडीत आधी कागदावर आडवी रेघ आखून तिला अक्षरे लटकविल्याप्रमाणे लिहीत, तसेच हात शक्य तितका न उचलता लिहिण्याकडे कल असे. शब्दांमध्ये अंतर नसे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे. लेखनाचा वेग त्यामुळे वाढला, मात्र वाचनाचा भार वाचकावर पडला. ‘दिन’ व ‘दीन’ किंवा ‘सुत’ व ‘सूत’ यांतील भेद संदर्भावरूनच ठरवावा लागे. याउलट देवनागरीस मराठीत ‘बाळबोध’ म्हटले जाई. बालकासही बोध व्हावा इतकी स्पष्ट लिपी, असा त्या नावाचा आशय आहे.

राजपत्रांतील शिक्क्यांच्या जागा ठरलेल्या असत. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्रांत मुख्य मुद्रा आरंभी आणि ‘मर्यादेयं विराजते’ ही मर्यादा-मुद्रा शेवटी उमटविलेली आढळते. मजकूर येथे संपला, यापुढे काही वाढविल्यास ते ग्राह्य नाही, असा तिचा अर्थ होतो. मजकुरात फेरफार होण्याची भीती त्या काळी किती होती, हे ‘ध चा मा करणे’ या वाक्प्रचारावरून दिसते. इ.स. १७७३ मध्ये पेशवे नारायणराव यांचा शनिवारवाड्यात खून झाला. त्यांना ‘धरावे’ असा आदेश असलेल्या पत्रात एक अक्षर बदलून ‘मारावे’ करण्यात आले, अशी आख्यायिका या वाक्प्रचारामागे आहे.

मोडीचे शिक्षण विसाव्या शतकात मागे पडले. परिणामी जुने जमीनविषयक व जातविषयक कागद वारसांच्या हाती असूनही त्यांना ते वाचता येत नाहीत. इ.स. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी जाणकारांची गरज पुन्हा प्रकर्षाने पुढे आली.

मुद्रणाचा काळ

मराठी मुद्रणाचा आरंभीचा मोठा टप्पा बंगालमधील श्रीरामपूर येथे घडला. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण तेथे इ.स. १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांत छापले गेले. इ.स. १८१० चा कॅरी यांचा मराठी कोश मात्र मोडी खिळ्यांत निघाला. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्याने देवनागरी खिळ्यांच्या सुधारणेस चालना दिली. गणपत कृष्णाजी यांनी इ.स. १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले.

बाळशास्त्री जांभेकर यांचे ‘दर्पण’ हे वृत्तपत्र ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झाले. त्याच्या प्रत्येक पानावर दोन रकाने असत, एकात मराठी व दुसऱ्यात इंग्रजी मजकूर. दोन भाषांच्या वाचकांपुढे एकच विषय शेजारी शेजारी ठेवण्याचा हेतू या मांडणीतूनच स्पष्ट होतो. पुढे मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह इत्यादी विरामचिन्हे मराठी गद्यात रुळली. शब्दांतील मोकळी जागा, विरामचिन्हे आणि परिच्छेद यांमुळे मोठ्याने वाचण्याबरोबरच मनातल्या मनात वाचणेही सोपे झाले.

जावजी दादाजी यांनी मुंबईत इ.स. १८६९ मध्ये स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी मुद्रणास नेटकेपणाचा मानदंड दिला. निर्णयसागरचे खिळे व शुद्ध छपाई यांमुळे संस्कृत ग्रंथांच्या तेथील आवृत्त्यांना विद्वानांत मान्यता मिळाली. काना, मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरे यांमुळे देवनागरीच्या जुळणीस शेकडो वेगवेगळे खिळे लागत. ही संख्या कमी करण्याचे प्रयत्न लोकमान्य टिळक यांनी केले. विनायक दामोदर सावरकर यांनी ‘अ’ची बाराखडी (अि, अी, अु, अू) सुचविली आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती काही काळ वापरली. मुद्रकाची सोय साधणारी ही रूपे वाचकाच्या सवयीस मात्र पटली नाहीत व ती टिकली नाहीत. बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांचा सविस्तर अभ्यास ग्रंथरूपाने मांडला. लक्ष्मण श्रीधर वाकणकर, र. कृ. जोशी आणि मुकुंद गोखले यांनी या क्षेत्रात पुढे महत्त्वाचे काम केले.

टंकलेखन यंत्राच्या काळात कळांची संख्या मर्यादित असल्याने जोडाक्षरे तुकड्यातुकड्यांनी जुळवावी लागत. यंत्रावर ठळक अक्षर नसल्याने महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ मारण्याची पद्धत कार्यालयांत रूढ झाली. संगणकावर तिची गरज उरलेली नसतानाही ती अद्याप चालू आहे.

देवनागरीची वैशिष्ट्ये

रोमन लिपीसाठी तयार झालेले मांडणीचे नियम देवनागरीस जसेच्या तसे लागू पडत नाहीत. त्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

ओळींतील अंतर : देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार व अनुस्वार आणि अक्षराच्या खाली उकार व ऋकार येतात. ओळी जवळ आल्यास वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील मात्रेवर आदळतात. म्हणून त्याच आकाराच्या रोमन मजकुरापेक्षा देवनागरीस दोन ओळींत अधिक जागा लागते.

अधोरेषा : शब्दाखालची रेघ उकारांना छेदते आणि ‘कुल’ व ‘कूल’ यांसारख्या जोड्यांतील भेद पुसट करते. मराठीत भर देण्यासाठी ठळक अक्षर अधिक सोयीचे ठरते. मात्र अतिठळक अक्षरात ‘भ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांमधील पोकळी भरून जातात.

मोठी अक्षरे : रोमन लिपीतील मोठ्या व लहान अक्षरांचा भेद देवनागरीत नाही. विशेषनाम किंवा वाक्यारंभ अक्षराच्या आकाराने दाखविता येत नाही. त्यामुळे मथळ्यांची उतरंड दाखविण्यासाठी आकार, ठळकपणा आणि मोकळी जागा यांवर विसंबावे लागते.

अक्षरांतील अंतर : अक्षरे एकमेकांपासून दूर केल्यास शिरोरेषा तुटते आणि शब्दाची सलगता जाते. 

लांब शब्द : मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितात. ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ यासारखा शब्द अरुंद रकान्यात आला, की दोन्ही कडा सरळ राखताना शब्दांमध्ये मोठ्या फटी पडतात. अशा ठिकाणी उजवी कड मोकळी सोडणे किंवा रकाना रुंद करणे इष्ट असते.

मराठी वळणे : ‘ल’ व ‘श’ यांची मराठीतील वळणे हिंदीतील प्रचलित वळणांहून भिन्न आहेत. महाराष्ट्र शासनाने इ.स. २००९ च्या शासन निर्णयाद्वारे मराठीसाठी प्रमाणित देवनागरी वर्णमाला जाहीर केली. मराठीत ‘र’च्या अर्ध्या रूपाचा भेदही अर्थ बदलणारा आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ या शब्दांत गुरू आणि स्वयंपाकी यांचे अंतर आहे. हे रूप दाखवू न शकणाऱ्या टंकात मराठी मजकूर केवळ विद्रूप दिसत नाही, तर चुकीचा ठरतो.

व्यवहारातील उदाहरणे

सातबारा उतारा

सातबारा हा महाराष्ट्रातील शेतजमिनीचा सर्वांत परिचित कागद आहे. गाव नमुना सात (अधिकार अभिलेख) व गाव नमुना बारा (पिकांची नोंद) मिळून तो तयार होतो. कर्ज, खरेदी-विक्री, वारसा आणि नुकसानभरपाई यांसाठी तो लागतो, त्यामुळे त्याच्या वाचनातील चूक शेतकऱ्यास महाग पडू शकते.

जुन्या नमुन्यात मयत खातेदाराचे नाव किंवा फिटलेल्या कर्जाचा बोजा रद्द झाल्याचे कंस करून दाखवीत. महसूल खात्याच्या परिभाषेत कंस म्हणजे नोंद संपली. शाळेत शिकलेल्या वाचकासाठी मात्र कंस म्हणजे अधिकची माहिती. एकाच चिन्हाचे हे दोन अर्थ परस्परविरोधी असल्याने सामान्य माणसाला तलाठ्याच्या खुलाशावाचून उताऱ्याचा अर्थ लावणे कठीण जाई. इ.स. २०२० मध्ये नमुन्यात बदल करण्यात आले. रद्द नोंदींवर आडवी रेघ, गावाच्या नावासोबत सांकेतिक क्रमांक, खातेदाराच्या नावासमोर खाते क्रमांक, लागवडयोग्य व पोटखराब क्षेत्रासह एकूण क्षेत्र, क्षेत्राचे एकक आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक यांचा त्यांत समावेश आहे. या बदलांनी जमिनीचा हक्क बदलला नाही, परंतु तो हक्क कागदावर ओळखणे सोपे केले.

शासन निर्णय

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांची मांडणी ठरीव असते. वर विषय, विभागाचे नाव, क्रमांक व दिनांक, त्याखाली ‘वाचा’ या शीर्षकाने पूर्वीच्या संबंधित आदेशांची यादी, मग ‘प्रस्तावना’, त्यानंतर ‘शासन निर्णय’ आणि शेवटी राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने केलेली स्वाक्षरी व ‘प्रति’ची यादी येते. या ठरीवपणामुळे सरावलेला वाचक थेट निर्णयाच्या भागाकडे जाऊ शकतो. प्रस्तावनेतील वाक्य आणि निर्णयातील वाक्य यांचे बळ सारखे नसते, हेही त्यांच्या जागेवरून कळते. तथापि एकाच वाक्यात अनेक अटी गुंफल्यास ठरीव मांडणीही आकलनास पुरेशी ठरत नाही.

पंचांग आणि दिनदर्शिका

पारंपरिक पंचांगात तिथी, वार, नक्षत्र, योग व करण यांची माहिती अंक व संक्षेपांच्या दाट रकान्यांत दिलेली असते. ती वाचण्यास जाणकार लागतो. जयंत साळगावकर यांनी इ.स. १९७३ पासून प्रकाशित केलेल्या ‘कालनिर्णय’ने या माहितीतील घरगुती उपयोगाचा भाग भिंतीवरील महिन्याच्या पानावर, प्रत्येक तारखेच्या चौकटीत आणला. पानामागील कोऱ्या जागेत लेख व पाककृती दिल्या. माहिती बहुतांशी जुनीच होती. तिची जागा आणि तुकडे पाडण्याची रीत बदलल्यामुळे एकादशी कधी आहे, हे पाहण्यासाठी कोणाला विचारण्याची गरज उरली नाही.

मतपत्रिका

भारतीय निवडणुकांत उमेदवारास चिन्ह देण्याची पद्धत पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून आहे. बहुसंख्य मतदार निरक्षर असताना चिन्हामुळे मतदान शक्य झाले. मतपत्रिकेवरील नावांचा क्रमही मर्जीवर सोडलेला नाही. मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, नोंदणीकृत परंतु मान्यता नसलेल्या पक्षांचे उमेदवार आणि इतर उमेदवार असे गट करून प्रत्येक गटात वर्णानुक्रम पाळला जातो. सारख्या नावांच्या उमेदवारांमुळे होणारा गोंधळ टाळण्यासाठी इ.स. २०१५ पासून उमेदवाराचे छायाचित्रही छापले जाते.

खासगी पत्रे

घरगुती पत्रव्यवहारातही मांडणीचे संकेत आहेत. पत्राच्या शिरोभागी ‘श्री’ लिहिणे आणि मंगल कार्याच्या पत्रिकेस हळद-कुंकू लावणे हे त्यांपैकी होत. निधनाची वार्ता कळविणाऱ्या पत्रावर ‘श्री’ न लिहिण्याचा रिवाज होता. त्यामुळे मजकूर वाचण्यापूर्वीच, केवळ वरच्या कोऱ्या जागेवरून, घरातल्यांना वार्तेचे स्वरूप उमगे.

संगणकीय मजकूर

संगणकाच्या आरंभीच्या काळात मराठी टंक बनविणाऱ्यांनी आपापले स्वतंत्र संकेत वापरले. एका टंकातील मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसे. येथे मांडणी व मजकूर यांची फारकतच झालेली नव्हती. अक्षराचे रूप गेले, की अक्षरही जाई. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक व इ.स. १९९१ पासूनचे युनिकोड यांनी अक्षराची ओळख आणि त्याचे रूप वेगळे केले. र. कृ. जोशी यांनी घडविलेला ‘मंगल’ हा टंक विंडोज प्रणालीमुळे सर्वदूर पोहोचला. पुढे ‘मुक्त’, ‘बालू’ यांसारखे खुले टंक उपलब्ध झाले.

तरीही अडचणी उरल्या आहेत. रोमन लिपीसाठी बेतलेल्या नमुन्यांत मराठी मजकूर भरल्यास मात्रा व रफार कापले जातात. जुन्या टंकांतील धारिकांमधील मजकूर सहज शोधता येत नाही. कागदाचे छायाचित्र काढून तोच दस्तऐवज म्हणून प्रसृत केल्यास तो डोळ्यांना दिसतो, परंतु यंत्राला वाचता येत नाही.

सुगम्यता

दृष्टिबाधित व्यक्ती पडदावाचक आज्ञावलीच्या साहाय्याने मजकूर ऐकतात. केवळ अक्षरे मोठी व ठळक करून दाखविलेला मथळा अशा आज्ञावलीस साध्या ओळीसारखाच वाटतो. तो मथळा म्हणून चिन्हांकित केल्यासच ऐकणाऱ्याला रचना कळते. फक्त लाल रंगाने दाखविलेली सूचना रंगांधळ्या वाचकापर्यंत पोहोचत नाही. वृद्ध वाचकांसाठी मोठे अक्षर आणि अक्षर व पार्श्वभूमी यांतील स्पष्ट फरक आवश्यक असतो. बालवाचकांच्या पुस्तकांत मोठी अक्षरे, छोट्या ओळी व चित्रे यांची जोड दिली जाते.

मर्यादा आणि टीका

चांगली मांडणी खोट्या किंवा पोकळ मजकुरास प्रतिष्ठा देऊ शकते, ही या विषयावरील मुख्य टीका आहे. बोधचिन्ह, जावक क्रमांक आणि गोल शिक्का यांची नक्कल करून बनावट पत्रे व परिपत्रके प्रसृत होतात आणि वाचक त्यांच्या रूपावर विश्वास ठेवतात. याच्या उलट, मांडणीचा उपयोग लपविण्यासाठीही होतो. जाहिरातींतील व करारांतील अटी बारीक अक्षरांत तळाशी देणे हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. त्यांत एकही शब्द खोटा नसतो, परंतु त्या वाचल्या जाऊ नयेत अशी व्यवस्था केलेली असते. ‘अटी लागू’ या दोन शब्दांशेजारील तारांकन वाचकास सावध करण्यासाठी असले, तरी प्रत्यक्षात जबाबदारी त्याच्यावर ढकलते.

त्यामुळे दस्तऐवजाच्या मांडणीचे मूल्यमापन सौंदर्याच्या निकषावर पुरेसे होत नाही. ज्या वाचकासाठी तो लिहिला आहे, त्याला आवश्यक ती गोष्ट दुसऱ्याच्या मदतीवाचून सापडते की नाही, हा त्याचा अधिक महत्त्वाचा निकष मानला जातो.

हेही पहा

देवनागरी लिपी
मोडी लिपी
गद्धेगाळ
निर्णयसागर छापखाना
दर्पण (वृत्तपत्र)
सातबारा उतारा
युनिकोड
सुलेखन